दोन वायरींचा बॉक्स

साताऱ्यात राजपथाला लागून असलेल्या एका गल्लीत माझं दुकान आहे. पाटीवर अजूनही ‘टीव्ही, व्हीसीआर, टेप रिपेअरिंग’ असं लिहिलेलं आहे. त्यातला टीव्ही सोडला तर बाकीचं वाचून नवी पोरं हसतात. हसू देत. पाटी रंगवून द्यायला आता पेंटर तरी कुठे राहिलेत?

छत्र्या बसवायचं काम मी २००५ साली सुरू केलं. आधी दूरदर्शनची फुकटवाली, मग महिन्याला पैसे भरायच्या कंपन्या एकामागून एक येत गेल्या तसतशा त्यांच्या. सातारा, मेढा, वाई, पाचगणी, थेट महाबळेश्वरपर्यंतच्या पत्र्यांवर आणि गच्च्यांवर दहा-बारा वर्षं चढलो. किती छत्र्या लावल्या त्याची एक वही ठेवली होती, ती एका पावसाळ्यात भिजून गेली.

त्याआधीची वर्षं व्हीसीआर उघडून हेड पुसण्यात गेली. व्हीसीआरमध्येही टीव्हीवरचा कार्यक्रम आपोआप टेप करायची सोय होती, टायमर होता. पण टायमर लावायचा तर आधी मशीनचं घड्याळ लावावं लागे, आणि ते लावलेलं घर मी क्वचितच पाहिलं. वीज गेली-आली की काचेवर १२:०० लुकलुकायला लागायचं. दुरुस्तीला जावं तिथे व्हीसीआरचे कायम बारा वाजलेले.

म्हणून २००८ साली टाटा स्कायचा रेकॉर्डिंगवाला बॉक्स आला तेव्हा मला पहिलं अप्रूप वाटलं ते घड्याळाचं. वेळ बॉक्सला उपग्रहाकडूनच मिळत होती. कार्यक्रमांची यादी पडद्यावर यायची, हव्या त्या नावावर जाऊन लाल बटण दाबलं की झालं. आत कॉम्प्युटरसारखी हार्डडिस्क. अमेरिकेत टिवो नावाचं असं मशीन १९९९ सालीच बाजारात आलं होतं, इंग्लंडात २००० मध्ये. आपल्याकडे यायला २००८ उजाडलं. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत बाकीच्या कंपन्यांचेही असे बॉक्स आले आणि माझ्या काउंटरवर रोजचा प्रश्न सुरू झाला: “रेकॉर्डिंगवाला कुठला चांगला?”

दुकानात मी एक डेमो लावला होता. क्रिकेटची मॅच चालू असताना पॉजचं बटण दाबायचं, समोरच्या टपरीवर जाऊन चहा सांगून यायचं, आणि परत आल्यावर तिथूनच पुढे चालू करायचं. गर्दी जमायची. एकदा खेडमधले एक आजोबा बराच वेळ बघत उभे राहिले.

“पण तिकडं म्याच चाललीच आसंल की.”

“हो, चालली आहे.”

“मग ही कुठली?”

“ही मगाचची.”

“म्हंजी आपुन मगाच्यात बसलोय?”

मी आजवर ऐकलेल्या वर्णनांत या मशीनचं इतकं नेमकं वर्णन दुसरं नाही. कंपनीच्या माहितीपत्रकात चार पानं खर्ची घालूनही ते जमलेलं नव्हतं.

आजोबांनी अर्थातच घेतला नाही. साध्या बॉक्सच्या कितीतरी पट किंमत होती. पण जे घेत, त्यांना मी कंपनीचं नाव सांगायच्या आधी त्यांच्या घरी जाऊन यायचो. गिऱ्हाइकांना वाटे, हा कमिशन कुठे जास्त ते बघतोय. कमिशन मी बघत नव्हतो असं म्हणणार नाही. पण खरं बघायचो ते आभाळ.

प्रत्येक कंपनीचा उपग्रह वेगळ्या जागी उभा असतो. टाटा स्कायचा ८३ अंशांवर, एअरटेलचा १०८ अंशांवर. साताऱ्यातून ८३ अंशांवरचा उपग्रह दक्षिणेकडून जरा पूर्वेला, पण बराच उंच, जवळजवळ डोक्यावर येतो. १०८ वाला पुष्कळ पूर्वेकडे सरकलेला आणि त्यामुळे खाली झुकलेला. घराच्या पूर्वेला शेजाऱ्याचं आंब्याचं झाड असेल तर कितीही चांगला बॉक्स घेऊन उपयोग काय? आणि पाऊस. जी छत्री झुकलेली असते तिच्या सिग्नलला पावसातून लांबचा रस्ता कापावा लागतो, म्हणून ती आधी दम तोडते. साध्या बॉक्सवर पंधरा मिनिटं चित्र गेलं तर माणूस चडफडतो आणि चहा प्यायला उठतो. रेकॉर्डिंगच्या बाबतीत ते उद्या कळतं. पाचगणीच्या एका बाईंनी जुलै महिन्यातल्या आठवडाभराच्या मालिका लावून ठेवल्या होत्या. शनिवारी बघायला बसल्या तर अर्ध्याअधिक वेळ काळा पडदा. मी दोन फुटांची छत्री काढून मोठी बसवली, त्याने बरंच निभावलं. पण महाबळेश्वरचा पाऊस हा छत्रीने अडवायचा पाऊस नाहीच. दोन्ही अर्थांनी.

आभाळाच्या खालोखाल वीज. तो काळ लोडशेडिंगचा. आठवड्याच्या कुठल्या वारी कुठल्या भागात किती ते किती, हे बायका तिथी-वारासारखं पाठ म्हणून दाखवायच्या. रेकॉर्डिंगचा बॉक्स तर तुम्ही घरी नसताना काम करणारा. सकाळी लावून ऑफिसला गेलात आणि दुपारी फीडर बंद, की बॉक्सही बंद. वीज आल्यावर तो परत जागा व्हायला पाच-सात मिनिटं घेणार आणि मधला भाग गेला तो गेलाच. वर फिरत्या हार्डडिस्कला असं रोज दोनदा दाणकन बंद पडणं सोसत नाही. म्हणून मी सरळ सांगायचो, घरात इन्व्हर्टर नसेल तर हा बॉक्स घेऊ नका, ते पैसे इन्व्हर्टरला लावा. इन्व्हर्टर असेल तर बॉक्सचा प्लग त्याच्या पॉइंटवर पाहिजे. टीव्ही बंद असला तरी चालतं. छत्रीलाही वेगळी वीज लागत नाही, बॉक्सच वायरीतून तिला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवत असतो. हे ऐकून दोन गिऱ्हाइकं परत गेली आणि खरोखरच इन्व्हर्टर घेऊन आली, दुसऱ्या दुकानातून.

आता वायरींचं. या बॉक्सला छत्रीपासून एक नाही, दोन वायरी लागतात. कारण एका वायरीतून एका वेळी उपग्रहाच्या निम्म्या-पाव वाहिन्याच उतरवता येतात. त्या १३ किंवा १८ व्होल्टवरून छत्रीपुढच्या डबीला, म्हणजे एलएनबीला, कळतं की कुठला गट पाठवायचा. एक वाहिनी टेप होतेय आणि दुसरी बघायची आहे, तर दोन वेगळ्या मागण्या, म्हणून दोन वायरी. गंमत अशी की घरोघरी भांडण व्हायचं ते याच दुसऱ्या वायरीवरून. नव्या बंगल्यात इलेक्ट्रिशियनने भिंतीतून एकच बारीक पाइप टाकलेला. दुसरी वायर बाहेरून न्यायची तर नव्या रंगावरून जाणार.

शाहूपुरीतल्या एका कॉन्ट्रॅक्टरसाहेबांनी मला ठणकावून सांगितलं, “एकच टाका. भिंतीला भोक नगं.” मी समजावलं. एका वायरीवरही बॉक्स चालतो, पण मग रेकॉर्डिंग चालू असताना दुसरं काही बघता येईलच असं नाही. “चालतंय,” म्हणाले. महिन्याभराने वहिनींचा फोन. आयपीएलची मॅच चालू असताना आठ वाजता वहिनींनी आधी लावून ठेवलेल्या मालिकेचं रेकॉर्डिंग सुरू झालं, आणि पडद्यावर पाटी आली की वाहिनी बदलायची असेल तर रेकॉर्डिंग थांबवा. साहेबांनी थांबवलं. त्यानंतर त्या घरात काय झालं ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मी भिंतीला भोक पाडत होतो आणि साहेब स्वतः शिडी धरून उभे होते.

माझ्या लक्षात हळूहळू आलं की या बॉक्सची चौकशी करायला येतो तो पुरुष, आणि त्याला पाहिजे असतं क्रिकेट. पण बॉक्स रोज वापरते ती घरातली अशी व्यक्ती, जिच्या हातात एरवी रिमोट कधीच नसतो. आठ वाजता चुलीपुढे, म्हणजे गॅसपुढे, उभी असलेली. किंवा एमआयडीसीत सेकंड शिफ्टला असणारा. एसटीतले एक कंडक्टर होते, दिवसाआड त्यांची मुक्कामाची गाडी. स्टार प्रवाहवरच्या ‘राजा शिवछत्रपती’साठी त्यांनी बॉक्स घेतला, हप्त्याने. मुक्कामाहून परत आले की जेवणं उरकून सगळं घर दोन भाग एकदम बघायचं, जाहिराती पळवत. अर्ध्या तासाचा भाग वीस-बावीस मिनिटांत संपतो हा शोध त्यांना इतका आवडला की ते डेपोत सगळ्यांना सांगत सुटले. त्यातून मला तीन गिऱ्हाइकं मिळाली. त्यांच्या आई मात्र जाहिराती पळवू द्यायच्या नाहीत. “तेवढ्यात पाणी पिऊन हुतं,” म्हणायच्या.

म्हणून मी विचारायला लागलो, रात्री आठ ते दहा तुमच्या घरात कोण कुठे असतं? या प्रश्नावर बरेच जण बायकोकडे बघत. तिचं उत्तर ऐकून मी ठरवायचो की यांना हा बॉक्स लागणार आहे की साधे दोन बॉक्स दोन टीव्हींना स्वस्त पडतील. पुष्कळांना दुसराच सल्ला दिला.

बाकी डिस्क केवढी, ५०० जीबी की कमी, यावर लोक उगाच घोळ घालत. बॉक्स उपग्रहावरून जे येतं ते जसंच्या तसं डिस्कवर लिहून ठेवतो. साध्या वाहिनीचा तास त्यामानाने थोड्या जागेत मावतो, एचडीचा तास कितीतरी जास्त खातो. बघून पुसून टाकणाऱ्याला लहान डिस्कही वर्षानुवर्षं पुरते, आणि काही न पुसणाऱ्याला कितीही मोठी असली तरी दिवाळीपर्यंत भरते. मॅच टेप करणाऱ्यांना एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायचो: मॅचबरोबर तिच्या पुढचा कार्यक्रमही लावून ठेवा. बॉक्स यादीतली वेळ बघून बंद होतो, ओव्हर बाकी आहेत का हे त्याला कोण सांगणार?

आणि बॉक्सवर काही ठेवू नका. हे मी प्रत्येक घरी सांगितलं आणि प्रत्येक घरी पुढच्या वेळी गेलो तर बॉक्सवर क्रोशाचा रुमाल, रुमालावर फुलदाणी, एके ठिकाणी तर गणपती. आतली डिस्क दिवसभर फिरत असते, बॉक्स गरम होतो, वरच्या जाळीतून त्याला श्वास घ्यायचा असतो. थंडीत त्या उबेला झुरळं येतात. दुरुस्तीला आलेला बॉक्स मी आधी अंगणात नेऊन उघडायला शिकलो.

हे सगळं शहाणपण सांगतोय, पण एक गोष्ट मी बरीच वर्षं कुणालाच सांगितली नाही. म्हणजे मला ती पुरती कळलीच नव्हती.

एक निवृत्त मास्तर माझं जुनं गिऱ्हाईक. त्यांच्याकडे २०११ साली मी रेकॉर्डिंगचा बॉक्स बसवला. कंपनीचं नाव घेत नाही, पुढे जे झालं त्या बाबतीत सगळ्यांचे बॉक्स सारखेच होते. त्याच वर्षी झी मराठीवरच्या ‘होम मिनिस्टर’मध्ये बाईंचा नंबर लागला. बाई म्हणजे मास्तरांच्या मिसेस. त्याही शिक्षिका, म्हणून सगळं गाव बाई म्हणायचं. पैठणी मिळाली नाही, पण उखाणा असा घेतला की शूटिंगला जमलेल्या सगळ्या आळीने टाळ्या वाजवल्या. भाग दाखवणार त्या दिवशी मास्तरांनी मला मुद्दाम बोलावून घेतलं. रेकॉर्डिंग नीट लागलंय का ते मी स्वतः बघितलं. संपल्यावर ते पुसलं जाऊ नये म्हणून कुलूप लावायची सोय असते, तीही लावून दिली. आणि म्हणालो, “झालं मास्तर, आता हे कुठं जात नाही.”

बाई २०१४ साली गेल्या. मास्तर तो भाग महिन्यातून एकदा लावायचे, असं त्यांच्या सुनेने मला सांगितलं. एरवी त्यांचं टीव्हीवर फारसं लक्ष नसे.

२०१५च्या मे महिन्यात वळीव झाला आणि जवळच कुठेतरी वीज पडली. छत्रीच्या वायरीतून झटका आत गेला. मास्तर बॉक्स बाजाराच्या कापडी पिशवीत घालून स्वतः चालत दुकानात आले. मी उघडला. बोर्ड जळला होता, हार्डडिस्क वाचली होती. मला हायसं वाटलं. म्हटलं, डिस्क आहे म्हणजे सगळं आहे. डिस्क काढून दुकानातल्या कॉम्प्युटरला जोडली. कॉम्प्युटरने विचारलं, या डिस्कवर काही वाचता येत नाही, फॉरमॅट करायची का?

त्या बॉक्समधलं प्रत्येक रेकॉर्डिंग कुलूपबंद असतं आणि किल्ली त्याच बॉक्सच्या आत. वाहिन्यांचे हक्क जपायचे म्हणून तशी रचना आहे, त्यात कंपनीची लबाडी काही नाही. तीच डिस्क त्याच मॉडेलच्या दुसऱ्या बॉक्समध्ये घातली तरी तो ती ओळखत नाही. इतकंच काय, रिचार्ज संपलं तर तुमच्याच घरात तुम्हीच टेप केलेलं तुम्हाला उघडत नाही. हे मला कामाला लागल्यापासून माहीत होतं, नुसतं तांत्रिक बाब म्हणून. मी पुढे मुंबईच्या ओळखीच्या माणसालाही विचारलं, पुण्यात डिस्कमधला डेटा काढून देणाऱ्याकडेही नेली. तो म्हणाला, डेटा आहे, पण तो वाचणारा बोर्डच उरला नाही. इंटरनेटवर तो भाग शोधला, सापडला नाही.

कंपनीने नियमाप्रमाणे जुना बॉक्स जमा करून नवा दिला. चांगला दिला, एचडी. मास्तरांनी मला शब्दानेही बोल लावला नाही. नुसतं म्हणाले, “तू म्हणाला होतास, कुठं जात नाही.”

अमेरिकेत १९८४ साली व्हिडिओ टेपवरून एक मोठा खटला झाला होता, सिनेमा कंपन्या विरुद्ध सोनी. सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी निकाल दिला की घरी बसून टीव्हीवरचा कार्यक्रम नंतर बघण्यासाठी टेप करायला हरकत नाही. नंतर बघण्यासाठी. हा खटला मी पुष्कळ उशिरा वाचला आणि मला मास्तर आठवले. व्हीसीआरच्या कॅसेटवर निदान ते दोन्ही जमत होतं, उशिरा बघणं आणि जपून ठेवणं. माझ्या दुकानात १९९५ची लग्नाची कॅसेट अजून लागते, बुरशी पुसली की. हा नवा बॉक्स उशिरा बघायचंच मशीन होता. मी तो जपून ठेवायचं मशीन म्हणून विकला, कारण गिऱ्हाइकाला तसं ऐकायला आवडायचं आणि मलाही तसं सांगायला.

त्या दिवसापासून बॉक्स बसवून झाला की मी मागची पिवळी, लाल आणि पांढरी भोकं दाखवायला लागलो. त्यातून येणारं चित्र कुलूपबंद नसतं. ती वायर डीव्हीडी रेकॉर्डरला, जुन्या व्हीसीआरला किंवा पाचशे-सातशे रुपयांच्या यूएसबी कन्व्हर्टरने कॉम्प्युटरला जोडली की बॉक्सवर चालू असलेला कार्यक्रम दुसरीकडे उतरवून घेता येतो. चित्र जरा मऊ येतं, एक तासाच्या कार्यक्रमाला एक तासच लागतो, पण जी फाइल तयार होते ती तुमची. नातवाचं शाळेच्या स्पर्धेतलं गाणं असो, गावच्या यात्रेची बातमी असो, ज्या आठवड्यात टेप झालं त्याच आठवड्यात उतरवून घ्या, असं सांगायचो. दूरदर्शनच्या फुकट छत्रीला बाजारात मिळणारे जे बॉक्स असतात, त्यातले बरेचसे पेनड्राइव्हवर टेप करतात आणि ती फाइल कॉम्प्युटरवर सरळ चालते. सगळ्यात स्वस्त मशीन या एका बाबतीत सगळ्यात भरवशाचं निघालं. पण फुकट बॉक्स घ्यायला मोठ्या घरचे लोक लाजतात.

आता हा धंदा संपल्यातच जमा आहे. २०१६च्या सप्टेंबरात जिओ आलं, मोबाइलवर मालिका फुकटात दिसायला लागल्या आणि उशिरा बघण्यासाठी वेगळ्या मशीनची गरज उरली नाही. कंडक्टरसाहेब आता मुक्कामाच्या गाडीतच, ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर, कानात घालून भाग बघतात. २०१९मध्ये वाहिन्यांचे दर नव्याने लागू झाले तेव्हा बऱ्याच जणांनी छत्र्याच उतरवल्या. मी चढवलेल्या कितीतरी मीच उतरवल्या, भंगारात किलोवर घातल्या. रेकॉर्डिंगचे जुने बॉक्स मात्र लोक टाकत नाहीत. किंमत दिलेली असते. टीव्हीखाली पडून राहतात, रुमालासकट, आणि कधीतरी रिचार्ज थांबतं.

तुमच्या घरी असा दोन वायरींचा बॉक्स अजून चालू असेल, तर रिचार्ज बंद करायच्या आधी त्यातली यादी एकदा पार खालपर्यंत बघा. सगळ्यात जुनं सगळ्यात खाली असतं. ठेवण्यासारखं काही सापडलं तर बॉक्स, रिमोट आणि कार्ड घेऊन या. छत्री माझ्या गच्चीवर आहे, कन्व्हर्टर दुकानात आहे. रविवारी दुकान बंद असतं.